माझी खडखड परत दे!

नाही, पण मी म्हणतो, गरज काय होती? बरं चाललं होतं हो आमचं! गाडी जुनी, माझ्या आधी दोघांनी पिदडलेली, मान्य... पण वाजायची कशी! वळणावर आली की घरात ऐकू जायचं, खड-खड-खड-फुस्स! आणि मी दारात पाय ठेवेपर्यंत, तुम्हाला सांगतो, गॅसवर चहा, टीव्ही बंद, लेक पुस्तकात डोकं घालून, आणि आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील हो, डॉक्टरांनी गोड साफ बंद केलेलं, ते डोळे मिटून शांत! मी ऑफिसात छाती फुगवून सांगायचो, "घराला वळण लावावं तर असं!"

अन् मग आला मेहुणा. ह्याला बॉनेटखाली नाक खुपसायला सांगितलं होतं कुणी? "भाऊजी, हे ऑईल आहे का डांबर? सिंथेटिक टाका! इंजिन कसं लोण्यासारखं चालेल!" लोण्यासारखं! मला काय गाडी चाटायची होती? पण बायको लगेच, "माझा भाऊ सांगतोय, तर ऐका की एकदा तरी!" आता ह्यावर कुठला नवरा तोंड उघडतो, सांगा मला.

गेलो गॅरेजात. मेकॅनिकनं खालचा नट काढला, काळंकुट्ट ऑईल सोडलं, फिल्टर बदलला, नवं ओतलं... चावी फिरवली तर आवाजच नाही! "बंद पडली रे!" "साहेब, चालू आहे ती. हात लावून बघा." नाडी बघतात तसा बॉनेटवर हात ठेवला, तेव्हा कळलं, जिवंत आहे.

आणि तसाच घरी आलो ना... चोरासारखा! माझ्याच घरात! चहाचा पत्ता नाही, टीव्ही बोंबलतोय, लेक त्याच्यापुढे नाचतेय, अप्पांच्या मांडीवर बिस्किटांचा डबा, एक तोंडात, दोन हातात, आणि मधोमध आमची ही, माझा जुना चष्मा लावून, पोट पुढे काढून, "घराला वळण लावावं तर असं!" सगळे हसून लोळतायत! अहो, हुबेहूब करते हो... मला क्षणभर वाटलं, मी आधीच येऊन बसलोय की काय! पण वाईट वाटलं. खरंच सांगतो, फार वाईट वाटलं. बरं चाललं होतं हो आमचं!

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकपुढे हात जोडले, "बाबा, माझी खडखड परत दे!" "साहेब, लोक खडखड घालवायला येतात!" तरी टाकलं बिचाऱ्यानं साधं ऑईल. पण आवाज? छे! "आतला मळ धुऊन निघाला साहेब. आता नाही वाजायची ती."

मग काय करणार माणूस? हल्ली वळणावर काच खाली घेतो, मान बाहेर काढतो आणि तोंडानंच... खड-खड-खड-फुस्स! लोक बघतात, बघू देत. पण घरात जावं तर चहा तयार, टीव्ही बंद, अप्पांचे डोळे मिटलेले! म्हटलं, जमलं बुवा! कुणाला संशयसुद्धा नाही! परत बरं चाललं की हो आमचं!

काल मात्र मला सर्दी. कशीबशी दोनदा खडखड केली, फुस्स काही निघेना. घरात आलो, चहा समोर आला, आणि अप्पा, मिशीला बिस्किटाचा चुरा, डोळे तसेच मिटलेले, म्हणतात, "सूनबाई, त्याला जरा वाफ दे गं. आज गाडीचा घसा बसलाय."

घेतली मुकाट्यानं वाफ. उद्या परत वाजायचंय ना!