जावयाचा पैला धक्का

न्हाई न्हाई, हसू नका! तुमाला सांगतो, डायनामो ज्यानं काढला ना, त्यानं आमच्या पूर्णेतली वरात बिल्कुल बघितली नसणार! डायनामोला काय पायजे? गाडी पळाय पायजे! पळाली तर वीज, न्हाईतर ठणठण गोपाळ! अन् वरात पळती का हो? दर दहा पावलाला वाजंत्री थांबणार, मामेलोक नाचणार, मागं गाडी गुरगुर करत उभी... दिवे पिवळे... तांबडे... गेले! इंजन गप! मग, "ए, धक्का मारा रे!"

अकरा वर्षं हेच! हैदराबादच्या एका वकिलाच्या गोठ्यातून ही जुनी गाडी मी वरातीला भाड्यानं द्यायला आणली, तवा तिच्यात कोंबड्या अंडी घालायल्या होत्या. पत्रा ठोकला, शिटा शिवल्या, हिरवा रंग मारला, पण डायनामो तोच! पूर्णेतला एक नवरदेव धक्क्याबिगर मारुतीच्या देवळाला पोचला असंल तर नाव बन्सीधर लावणार न्हाई. अहो, धक्क्याचाबी रिवाज पडला! पैला हात घरच्या जावयाचा, त्याला फेटा, बाकीच्यांना टोपी-टावेल!

मग आमच्याच उद्धवचं लग्न ठरलं, पंच्याऐंशीचा उन्हाळा. मी म्हणलं, लोकांच्या पोरांचं झालं ते झालं, माझ्या पोराच्या वरातीत धक्का न्हाई म्हंजे न्हाई!

आमचा पुतण्या पंडित रेल्वेच्या डब्यातले दिवे-पंखे बघतो, बोलतो मोजकं. म्हणला, "काका, अल्टरनेटर बसवा. गाडी उभी असली तरी बॅटरी भरतो."

"उभी असली तरी?"

"इंजन चालू पायजे फक्त."

मी मिठीच मारली हो त्याला! सेलूहून एका जीपचा अल्टरनेटर उचलला, टावेलात गुंडाळून मांडीवर घेऊन रेल्वेत बसलो, तर शेजारची बाई म्हणती, "किती म्हयन्यांचं हाय लेकरू?"

बरं, बसवायला जावं तर जागेवर बसंना! मग पलंगाची पट्टी कापून त्याला आधार केला. आमची बायको कस्तुराबाई उखडली, "लग्नघर हाय का लोहाराची भट्टी? पाव्हणे कुठं झोपवू, त्या गाडीत?" तिचं खरंच होतं, पण धक्का न्हाई म्हंजे न्हाई! मी बॅटरीची तार जोडायला गेलो तर पंडित वरडला, "थांबा! जुनी गाडी हाय, हिचं अर्थिंग उलटं, बॅटरीचं प्लस टोक बॉडीला! अशीच तार लावली तर अल्टरनेटर जागेवर खलास!" मग त्यानं तारा फिरवल्या, चावी मारली, अन्... आहाहा! गाडी उभी, अन् दिवे असे लख्ख की समोरच्या बायनाबाईनं दारच लावून घेतलं! मी अंगणात नाचलो हो, ह्या वयात!

वरात निघाली. दिवस मावळायला आलेला, गोरज मुहूर्त. वाजंत्री थांबायलीय, गाडी थांबायलीय, इंजन चालू, दिवे लख्ख! लोक बघायलेत, मी छाती काढून चालायलोय, धक्का न्हाई म्हंजे न्हाई! मारुती दिसायला लागला... अन् माझी लेक सुमंगला रडतच आली.

"आबा, हे लिंबाखाली जाऊन बसलेत. फेटाबी काढून ठेवलाय."

हे म्हंजे आमचे जावई, मुंजाजीराव! चुडाव्याहून आठ गडी घेऊन आलेले, बाह्या सारून तयार! मी पळत गेलो. "जावईबापू, पुढं बसा की, डायवरच्या शेजारी!"

"बसायला लय वऱ्हाडी हायत, मामा. मेव्हण्याच्या लग्नात माझा हात गाडीला लागंना, चुडाव्यात काय तोंड दाखवू? आमचा मान काढून घ्यायलाच हे यंत्र बसवलं व्हय?"

तिकडं भटजी, "गोरज टळायलीय!" इकडं लेकीचे डोळे भरलेले. कस्तुराबाई दात खाऊन म्हणली, "बंद करा ती गाडी!"

केली हो... माझ्या हातानं चावी बंद केली! लगेच फेटा डोक्यावर, नारळ फुटला, "मारा धक्का!" वाजंत्रीला जोर चढला, जावई खूश, लेक हसायली, अन् मी मागून चालतोय, डोळ्यात पाणी.

तवापासून सगळ्या पूर्णेत माझी एकच गाडी अशी हाय बगा, जी चांगली चालू असते म्हणून बंद करून ढकलावी लागती.