सगळ्यात मोठं मशीन कुठलं?

दुकानदार: उभं राहून खेळायचं की बसून, ते आधी ठरवा साहेब. पुढचं सगळं त्यावर.

जावई: उभं राहून. शाळेच्या वाटेवर गेम पार्लर होतं आमच्या, तिथं होतं तसलं. विमानांचं. पण अंगानं बारीक हवं. कोपऱ्यात मावेल असं.

सासूबाई: बारीक कशाला? एवढ्या हौसेनं गेमची खोली करताय जावईबापू, आणि त्यात आणून उभा करणार काडीपैलवान? अहो दुकानदार, तुमच्याकडचं सगळ्यात मोठं मशीन कुठलं?

दुकानदार: ते मागचं, आजी. मोटारीचं. सीट, स्टिअरिंग, पायात ब्रेक, सगळं अगदी खऱ्यासारखं. फक्त गाडी जागची हलत नाही.

सासूबाई: वा! ते बघू.

जावई: आई, ते आत गेलं की खोलीत दुसरं काही राहणारच नाही.

सासूबाई: दुसरं काय ठेवायचंय तुम्हाला?

जावई: नाही... काही नाही. हवा खेळती राहायला हवी ना.

सासूबाई: हवा येते खिडकीतून. धरा माझी पर्स. बसते मी.

दुकानदार: गुडघे सांभाळून. हं. उजवा पाय वेगाला, डावा ब्रेकला. नाणं मी टाकतो.

सासूबाई: अगंबाई! हे पळायलाच लागलं की! ते कडेला काय होतं हो?

दुकानदार: झाड.

सासूबाई: गेलं ते.

जावई: भाऊ, जरा इकडे या. हे टेबलासारखं, ठेंगणं आहे ना, वर काच असलेलं... हे भिंतीला लावलं, तर समोर एक पलंग बसेल?

दुकानदार: पलंग? साहेब, हयात गेली या धंद्यात, पण मशीनशेजारी पलंग बसेल का, हे कुणी विचारलं नव्हतं. एवढं खेळणार आहात?

जावई: हळू बोला हो!

सासूबाई: कुणाचा पलंग?

जावई: कुणाचा नाही. तुम्ही समोर बघा आई, वळण आलं.

सासूबाई: वळण गेलं खड्ड्यात. गाडीही गेली. कुणाचा पलंग, जावईबापू?

जावई: ...तुमचा.

सासूबाई: तरीच! म्हणजे लेकीनं तुम्हालाही फितवलं.

जावई: फितवायचं काय त्यात? तुम्ही न्हाणीघरात पडलात तेव्हापासून तिला धड झोप नाही. फोन उशाशी घेऊन पडते. ती खोली तिनं तुमच्यासाठीच धरून ठेवली होती. मी म्हटलं, मशीन कोपऱ्यात, पलंग खिडकीशी, दोघांचं भागेल. तुम्ही आडव्या झालात की मी आवाज बंद करून खेळेन.

दुकानदार: आवाज बंद करून? मग त्यात मजा काय राहिली साहेब?

सासूबाई: तुम्ही जरा गप्प बसा हो. नाहीतर दुसरं नाणं टाका.

दुकानदार: टाकलं.

सासूबाई: ऐका आता. मला या खोक्यांतलं काय कळतंय? मी आज तुमच्याबरोबर आले ती एवढ्याचसाठी, की जावयाच्या गळ्यात असं धूड बांधावं, की त्या खोलीत सतरंजीसुद्धा पसरता येऊ नये.

जावई: म्हणजे तुम्हाला आमच्याकडे यायचंच नाहीये? आमचं काही चुकलं का?

सासूबाई: चुकलं असतं तर सोपं होतं. भांडून मोकळी झाले असते. अहो, लग्नाआधी वडील म्हणतील तेव्हा दिवा बंद. मग सासरे म्हणतील तेव्हा. मग तुमचे सासरे. ते गेले तेव्हा रडले मी, खोटं नाही सांगत. आणि मग एका संध्याकाळी लक्षात आलं, आज चूल पेटवली नाही तरी कुणी काही विचारणार नाही. खुर्ची ओढली आणि बसून राहिले गच्चीत, अंधार पडेपर्यंत. जावईबापू, या वयात मला घर मिळालंय माझं.

जावई: मग हे तिला सांगा ना.

सासूबाई: तोंड उघडलं की तिच्या डोळ्यांना धार लागते. आणि ती रडली की मी कशालाही हो म्हणते. तुमच्या लग्नालासुद्धा अशीच हो म्हणून बसले होते.

जावई: हे आज कळतंय मला.

सासूबाई: पुढे बरं निघालं ते. मनाला लावून घेऊ नका.

दुकानदार: आजी, ब्रेक! ब्रेक!

सासूबाई: ब्रेक कशाला, रस्ता मोकळा आहे!

जावई: आणि पुन्हा पडलात तर?

सासूबाई: न्हाणीघरात धरायला दांडा बसवून द्या. एक किल्ली तुमच्याकडे ठेवा. रोज उठल्यावर फोन करते. पण निजणार माझ्याच घरी.

जावई: फोन आला नाही तर मी सरळ दार उघडून आत येणार. तेव्हा कुरकुर चालणार नाही.

सासूबाई: कबूल.

जावई: भाऊ, ते विमानांचं राहू द्या. हे मोटारीचं द्या.

दुकानदार: नीट विचार केलात ना साहेब? आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागेल. चौकट परत बसवली, की हे काही बाहेर निघायचं नाही.

जावई: मग तर द्याच.

सासूबाई: अहो, पण तुमचं विमान? एवढी लहानपणापासूनची हौस!

जावई: खरं सांगू? दुसऱ्या फेरीच्या पुढे मी कधी गेलोच नाही. मित्र खेळायचे, मी मागून ओरडायचो.

दुकानदार: साहेब, तुमचा फोन वाजतोय.

जावई: हिचाच. हॅलो... हो, ठरलं. मोटारीचं... थोडं मोठं आहे गं... थोडं म्हणजे, खोलीएवढं... नाही, पलंग नाही बसत... आई? आई तर नकोच म्हणत होत्या, मीच हट्ट धरला... हो, मला अक्कल नाही... हो, त्यांच्यासमोरच सांगतोय, मला अक्कल नाही... बरं. बरं. ठेवतो.

सासूबाई: फार रागावली?

जावई: घरी माझं काही खरं नाही. म्हणाली, तुझ्याकडे मग बघते, आधी आईला नीट तिच्या घरी सोडून ये.

सासूबाई: ‘तिच्या घरी’ म्हणाली?

जावई: हो. तिच्या घरी.