एक वायर तर जोडायची होती!

नाही, मला तुम्ही सांगा, आऊट म्हणजे काय? बाहेर. बरोबर? आणि आवाज न्यायचाय कुठं आपल्याला? बाहेरच ना! लॅपटॉपच्या पोटातून बाहेर, हॉलभर, लोकांच्या कानात... मग मी लॅपटॉपची वायर मिक्सरच्या ‘आऊट’ लिहिलेल्या भोकात घातली तर माझं काय चुकलं? मिक्सर म्हणजे डीजेचा हो, स्वयंपाकघरातला नव्हे, त्याचं मला कळत असतं तर काय हवं होतं! सगळं लग्नाचं वऱ्हाड माझ्याकडं टकामका बघतंय, आणि स्पीकर? स्पीकर ढिम्म. अहो, एक वायर तर जोडायची होती!

तुम्ही म्हणाल, येत नव्हतं तर गेलात कशाला? तुम्हाला सांगतो, आमचा धंदाच तो. दादा आणि मी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो गाणी वाजवायचा, मी माईकवर बोलायचो. ‘चला मंडळी, हात वर!’ हे मी. बाकी सगळं तो. मिक्सरच्या मागच्या बाजूला त्यानं मला कधी फिरकूही दिलं नाही. ‘ए धाकट्या, तू बोल. बोलायचं तुला येतं. वायरीला हात लावू नकोस.’ झालं! म्हणतात ना, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. तसं आमचं, माझी माती आणि त्याचं सोनं एकाच टेम्पोत. पण कधी म्हणेल, ‘धाकट्या, आज बरा बोललास’? छे! कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळणार, टेम्पोत बसणार आणि मला म्हणणार, ‘माईकवर थुंकी फार उडते तुझी.’

आणि मग दादा विसरायला लागला.

आधी किल्ल्या. मग रस्ते. मग एकदा चालू कार्यक्रमात तेच गाणं तीनदा वाजवलं, मी माईकवर म्हटलं, ‘खास लोकाग्रहास्तव!’, लोक हसले, मीही हसलो... आणि टेम्पोत मागं बसून रडलो, खोटं कशाला सांगू. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. काही दिवस बरे, काही वाईट. म्हटलं, आणि सगळेच वाईट केव्हा? तर डॉक्टर नुसते पेनाचं टोपण लावत बसले.

तर लग्न पुतणीचं. दादाची एकुलती एक लेक. ती मला म्हणाली, ‘काका, भाड्याचा डीजे नको. बाबांचाच मिक्सर, बाबांचाच लॅपटॉप. त्यांनी माझ्या लग्नासाठी गाणी लावून ठेवलीयत, बरे होते तेव्हाच. मला त्यांच्याबरोबर एकदा नाचायचंय. अजून ओळखतात तोवर.’ आता अशा पोरीला काय नाही म्हणणार? म्हटलं, बाळा, तू बिनधास्त राहा, काका आहे ना! एक वायर तर जोडायची!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कारण दादाची एक पद्धत होती. प्रत्येक वायरीला रंगीत टेप, आणि ती जिथं जायची त्या भोकाशेजारी त्याच रंगाची टेप. लालला लाल, निळ्याला निळी. मी मनात म्हटलं, रंग जुळवायचे, त्याला अक्कल कशाला लागते? पेटी उघडली... आणि बघतो तर काय? सगळ्या वायरी पिवळ्या! भोकं पिवळी! स्पीकरची पिवळी, माईकची पिवळी, लॅपटॉपची पिवळी! म्हटलं, वहिनी, हा काय प्रकार? तर वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, ‘भावजी, ते दिवसभर हात चोळत बसायचे हो. त्यांना काहीतरी काम हवं होतं. मी टेपचं रिळ दिलं. चार दिवस इतके खूश होते... जुन्या टेपा सोलून एकेक वायर नवी केली त्यांनी. मी म्हटलं, करू दे.’ आता बोला! त्या माउलीला काय बोलणार? आणि त्याला तरी काय बोलणार? टेप काय सुबक गुंडाळलेली, एक सुरकुती नाही!

बरं, दादा होता कुठं? समोरच खुर्चीत, नवा कोट घालून. चांगला दिवस होता म्हणे. मी गेलो, म्हटलं, दादा, लॅपटॉपची वायर कुठं जाते रे? त्यानं वायर हातात घेतली, उलटसुलट केली, माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, ‘छान आहे.’ आणि परत दिली. छान आहे! अरे, अख्खी हयात ज्या वायरीला मला हात लावू दिला नाहीस, ती अशी परत देतोस? त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं मला.

मग केला हॉलच्या वायरमनला फोन. स्पीकर जोडून देऊन तो जेवायला बसला होता. ‘कुठं घातलीत?’ आऊटमध्ये. ‘अहो, आवाज आधी आत जातो, मग बाहेर. इनमध्ये घाला.’ म्हटलं, इन चार आहेत! ‘कुठल्याही घाला हो.’ कुठल्याही! घातली एकात. असा काही खर्रर्र आवाज निघाला... नवरदेवाच्या आत्याच्या हातातली बशी पडली, बाळं रडायला लागली, आणि दादानं दोन्ही कान झाकले. मी घाबरून मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी खाली ओढली आणि वायर उपटली. फोनवर वायरमन, ‘ते फोनो असणार. ते जुन्या तबकड्या वाजवायचं. शेजारच्या लाईनमध्ये घाला, आणि वरचं बटणही लाईनवर करा, आणि मला जेवू द्या.’ इकडं वहिनी, ‘भावजी, हे घरी जाऊ म्हणायला लागलेत. मी फार वेळ नाही धरू शकत.’ तिकडं पुतणी, शालू सावरत उभी, नुसती बापाकडं बघतेय. आणि मी मिक्सरमागं ओणवा! अहो, एक वायर तर जोडायची होती!

घातली लाईनमध्ये. केलं बटण. दादासारखा हेडफोन कानाला लावला, गाणं चालू केलं... आणि वाजलं! तुम्हाला सांगतो, काय वाजलं! दादाची निवड, एकातून दुसरं गाणं असं निघतंय की सांधा सापडू नये. माईक उचलला, ‘चला मंडळी, हात वर!’ डोळे मिटले, डुलायला लागलो, एक गिरकीसुद्धा घेतली... मनात म्हटलं, बघ दादा, बघ!

कुणीतरी हेडफोन काढला. पुतणी. म्हणाली, ‘काका, आम्हाला काहीच ऐकू येत नाहीये.’

कप्पाळ माझं! नुसतं माझ्या कानात वाजत होतं! आणि सगळा हॉल या म्हाताऱ्याचा मुका नाच बघतोय! पण पोरगी हसत होती हो, डोळ्यांत पाणी आणि हसतेय. मी मघाशी खाली ओढलेली ती सरकपट्टी तिनंच वर ढकलली. आणि सुटलं गाणं हॉलभर.

दादा उठला. आपणहून. तिनं हात धरला आणि नाचली दोघं. त्यानं तिला ओळखलं का? मला नाही माहीत, मी विचारलं नाही, तिनंही नाही विचारलं. पण पाय तालात पडत होते त्याचे. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मी माईक खाली ठेवला.

गाणी संपली तसा दादा माझ्याकडं आला. घामेजलेला, खूश. हात पुढं केला आणि म्हणाला, ‘वा! फार छान वाजवता हो तुम्ही!’

तुम्ही. सख्खा भाऊ माझा. म्हटलं, थँक्यू.

‘तुमचा नंबर द्या. आमचेही कार्यक्रम असतात.’ मी दिला. काय करणार? त्यानं एकेक आकडा जपून दाबला, कॉल लावला, माझा खिसा वाजला. तो आपल्या फोनकडं बघतोय. कपाळाला आठ्या. ‘अहो, हा तर आमच्या धाकट्याचा नंबर! तुम्ही त्याच्याकडंच असता का कामाला?’

मी म्हटलं, हो... त्याच्याकडंच असतो.

‘मग काही काळजी नाही,’ म्हणाला. ‘चांगल्या माणसाकडं आहात. बोलतो फार, पण तो होता म्हणून माझं निभावलं हो. तो नसता ना, तर मी वाजवत बसलो असतो कुठंतरी एकटाच.’ मग जवळ सरकला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘पण त्याला सांगू नका. डोक्यावर बसेल.’

नाही सांगत, म्हटलं. कसं सांगणार? तुम्हीच सांगा... उभा जन्म गेला, भावानं एकदा माझं कौतुक केलं, आणि तेही माझ्या पाठीमागं!