कॉफी कडू लागेना

दुरुस्तीच्या दुकानात शिंपीणबाई बिघडलेली इस्त्री मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या आधी एका नवरा-बायकोचा नंबर होता. काउंटरवर त्यांचं कॉफीचं मशीन होतं.

“काय बिघडलंय?” कारागिरानं विचारलं.

“बिघडलं नाही, सुधारलंय,” नवरा म्हणाला. “मी दौऱ्यावरून आलो, तर कॉफी कडू लागेना. कुणीतरी हात लावलाय.”

कारागिरानं दाब मोजायचं गेज जोडून पंप चालवला. “दाब नऊवर आहे. कंपनीतून मशीन पंधरावर येतं, तेवढ्या दाबानं कॉफी कडू होते. कुणीतरी आतला स्क्रू फिरवलाय, आणि अगदी बेतानं.”

“घरात आम्ही दोघंच. हिला यातलं ओ की ठो कळत नाही. बोल ना, कोण आलं होतं?”

शिंपीणबाईंनी कान टवकारले.

“इथे चारचौघांत विचारतोयस?”

“हो, इथेच.”

“मोठे भाऊजी.”

“दादा? माझ्या घरात?”

“तू दौऱ्यावर गेलास की येतात.”

“आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाही!”

“म्हणूनच तू नसताना येतात.”

“काय हवं असतं त्याला?”

“काही नाही. एकदा कॉफी प्यायले आणि म्हणाले, हा रोज असलं कडूजहर पितो? पुढच्या खेपेला गेज घेऊनच आले.”

“साहेब, परत पंधरावर करू?” कारागिरानं विचारलं.

नवरा गेजच्या काट्याकडे बघत राहिला.

“नको. राहू दे नऊवर.” मग तो बायकोकडे वळला. “माझा पुढचा दौरा रद्द झालाय. दादाला सांगू नकोस.”