सुरंगी हेच नाव राहील

सगळ्यात आधी आली ती गोदूबाई. कार्यक्रम चार वाजताचा, पण ही जेवणाची भांडी तशीच टाकून थेट शाळेत. गुरुजी सतरंजी उलगडतायत आणि ही उलगडेल तेवढ्या सतरंजीवर बसतेय. का, तर विहीणबाईंच्या शेजारची जागा पकडायची होती. आणि सकाळी विहिरीवर सगळ्या वाडीला बातमी देणारी पण हीच: "ऐकलात काय गो, यमुनेच्या नातीचं नाव लग्नात बदलणार, अनिता ठेवणार!" हसू नको गोदूबाई. तू ओरडलीस म्हणून मला कळलं. नाहीतर मला कोण सांगणार होतं?

अगो बाय, आधी मान द्यायचा राहिला. काशीराम गुरुजी डोळे मोठे करतायत. काल बसवून पाठ करून घेतलं होतं त्यांनी माझ्याकडून. तर, आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच माननीय भिकाजीराव. व्यासपीठावर विराजमान काशीराम गुरुजी आणि महिला मंडळाच्या पदाधिकारी. लोट्याहून मुद्दाम आलेले आमचे होणारे व्याही रावजी, विहीणबाई दमयंतीबाई आणि नातजावई जयवंत. वाडीतल्या लेकीसुना, बापये मंडळी, आणि बालवाडीतल्या माझ्या पिल्लांनो, दुसऱ्या बुकापर्यंत शिकलेली ही यमुना तुम्हा सगळ्यांना हात जोडून नमस्कार करते.

आलं की नाही बरोबर, गुरुजी?

आज माझ्या नातीला, सुरंगीला, बालवाडी निरोप देतेय. वैशाखात तिचं लग्न. ती या वाडीची पहिली शिकलेली लेक, तिने या खोलीत पोरांना बडबडगीतं शिकवली, शेंबूड पुसले, हे सगळं गुरुजी छान बोलले. मी ते परत बोलत नाही. आजी बोलली तर कौतुकच करणार, आणि मी तर आज इतकी खूश आहे की माझं कौतुक आवरणार नाही. हे नवं लुगडं पाहिलंत ना? देवरूखच्या बाजारातून सुरंगीने आणलं, स्वतःच्या मानधनातून.

मी बोलणार आहे ते तिच्या नावावर.

सकाळी विहीणबाईंना चहा देता देता मी विचारलं, खरं काय? त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "हो तर. थोरली सून वनिता, मधली सुनीता. तिसरी अनिता झाली की घर कसं एका माळेत शोभेल. सुरंगी म्हणजे काय हो, झाडाझुडपाचं नाव. आमच्या वसाहतीतल्या बायका हसतील." राग मानू नका विहीणबाई, तुम्ही तोंडावर बोललात, म्हणून मीही तोंडावर बोलते. पण मला एक सांगा, घाईच्या वेळी माजघरातून कोणी "नीता" म्हणून हाक मारली, तर तुमच्याकडे नक्की कोण येणार? तिघी येणार, नाहीतर एकही नाही!

हसा, हसा. रावजीपण हसतायत.

बरं, आता हे नाव आलं कुठून ते ऐका. माझं माहेर खाडीकाठी. घरामागे सुरंगीचं मोठं झाड. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, या झाडाची फुलं फांद्यांच्या शेंड्याला नसतात, जुन्या फांदीला चिकटून येतात, अगदी सालीतून फुटल्यासारखी. शिमग्याच्या आगेमागे झाड असं भरतं की मधमाश्यांच्या आवाजाने परसात बोललेलं ऐकू येत नाही. कळ्या उमलायच्या आत, उजाडताना काढाव्या लागतात. माझी आई पोटुशी असताना कळ्या काढायला गेली आणि तिथेच कळा सुरू झाल्या. बापूस शिडीवर होता. खाली उतरला, मला पाहिलं आणि म्हणाला, "पोरगी सुरंगीखाली आली, सुरंगी म्हणा." भटजींना विचारलं नाही की पंचांग पाहिलं नाही.

हो. ते नाव माझं होतं.

गोदूबाई, तुला पण ठाऊक नव्हतं ना? इतकी वर्षं शेजारी राहतेस.

गुरुजी सांगतात, सुरंगी म्हणजे चांगल्या रंगाची. गुरुजी, मी तव्याच्या बुडासारखी काळी. बापसाला रंग दिसत नव्हता असं नाही. तो म्हणायचा, सुरंगीचा गजरा, आपला वळेसार, सुकून काळा पडला तरी पेटीतल्या कपड्यांना वास येतोच. माझ्यापुरता नावाचा अर्थ तेवढाच.

मग माझं लग्न झालं. मी परकरातली पोर. इथे आले, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, आणि देवासमोर ताट मांडलं, त्यात तांदूळ पसरलेले. नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. आमचे हे, तिकडे खांबाला टेकून बसलेत, यांचं नाव मी घेत नाही, रीत आहे, यांना तेव्हा अक्षर येत नव्हतं. मग भटजींनी यांचं बोट धरलं आणि तांदळात गिरवलं, यमुना. यांना वाचता येईना, मलाही येईना, बुकं मी मागाहून शिकले. सासूबाईंनी साखर वाटली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना भात हवा होता. सासूबाई म्हणाल्या, ते ताटातले तांदूळ घे. मी घेतले, निवडले, शिजवले आणि माझ्या हातांनी वाढले. माझं नवं नाव पंगतीने दुपारीच खाऊन संपवलं, आणि मी मात्र आजपर्यंत यमुना!

सुरंगी म्हणून मला हाक मारणारा शेवटी एक भाऊ उरला होता. भाऊबीजेला यायचा, बेड्यातूनच, कुंपणाच्या दारातूनच, मला एकटीला ऐकू येईल अशी हाक मारायचा, "सुरंगे, मी आलो गो!" तो गेला. त्यानंतर त्या नावाने मला हाक मारणारं जगात कोणी नाही. आपल्याच नावाची हाक ऐकायला नाही मिळाली की काय होतं, ते बापये मंडळींना नाही कळायचं. तुमची नावं जन्मापासून सरणापर्यंत तीच.

ही नात झाली तेव्हा आत्या म्हणून पाळण्याशी माझी लेक होती. मी लेकीच्या कानात सांगितलं, तिने पोरीच्या कानात सांगितलं. आमचे हे मला म्हणाले, "बरं नाव आहे गो. कुठे ऐकलंस?"

कुठे ऐकलंस! मान खाली घालू नका, मी काही भांडत नाही. त्या रात्री यांना सांगितलं, तेव्हापासून नातीला हाक मारली की आधी माझ्याकडे बघतात. मला तेवढं पुरे. आणि आमची सूनबाई दिवसभर ओरडत असते, "सुरंगे, पाणी तापलं काय बघ! सुरंगे, कोंबड्या आत आल्या!" मी चुलीपाशी बसून प्रत्येक हाकेला मनात ओ देते. मनातल्या मनात. कोणाला कळत नाही.

आणि विहीणबाई, तुम्ही म्हणता, हसतील. पहिली काही वर्षं या वाडीनेही हसून घेतलं. मग ती बालवाडीत शिकवायला लागली. आता बघा जरा या पोरांकडे. खालच्या घरातली ती सुरंगी, पुढच्या रांगेत नाक पुसतेय ती बारकी सुरंगी, आणि देवळाकडची, तिला कुरळी सुरंगी म्हणतात. आयांनी मागून नेलं नाव. एवढं की महिपतने म्हशीचं पण सुरंगी ठेवलं. मी काठी घेऊन गेले आणि म्हशीचं नाव बदलायला लावलं. म्हणजे नाव बदलायला माझी अगदीच ना आहे असं नाही हां. म्हशीचं खुशाल बदला.

विहीणबाई, काल माझा भाचा माहेरच्या झाडाच्या कळ्या घेऊन आला. त्यांचा वळेसार मी सकाळी तुमच्या अंबाड्यात माळला. तुम्ही म्हणालात, "किती छान वास हो!" अजून माळलेला आहे. तीच ती सुरंगी. डोक्यात चालते, मग तोंडात का चालत नाही?

बायांनो, तुम्हालाच विचारते. माहेरी तुमचं नाव काय होतं? बोला. लाजता काय? गोदूबाई, तू आधी. काय? जनी? बघा, आपली गोदूबाई जनी आहे! आणखी? तुळसा. बरं. मोठ्याने गो. मंजुळा. आणि ती मागची कोण? आठवत नाही म्हणतेस? आठव. घरी जाऊन भाकऱ्या थापताना आठव, नाही आठवलं तर माहेरी निरोप धाड. आणि विहीणबाई, दमयंती हे तुमचं सासरचंच ना? मग पाळण्यातलं?

राहू दे. सगळ्यांसमोर नको. जयवंत पण तुमच्याकडे बघतायत, त्यांनाही ठाऊक नाही.

जयवंत, आता तुम्हाला. दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा अंगणातून विचारलंत, "सुरंगी आहे काय घरात?" मी आत होते. माझ्या अंगावर काटा आला. तुमच्या तोंडात ते नाव किती छान बसलंय! तांदळात बोट फिरवायचंय तुम्हाला. आमच्या यांचं बोट दुसऱ्याने धरलं, कारण यांना अक्षर नव्हतं. तुम्ही कारखान्यात मशीन चालवता, लिहिता, वाचता. तुमचं बोट धरायला कोणी येणार नाही. तुमची आई पण नाही, आणि मी पण नाही.

सुरंगी मला मघापासून खुणा करतेय, "आजी, बस." का, तर लग्न मोडेल. पण काल रात्री अंथरुणावर मला कोण म्हणालं, "आजी, मी भांडणार नाही, पण अनिता म्हणून हाक मारली तर मला ओ देता येणार नाही"? तूच ना? मग आता खाली काय बघतेस? तू भांडू नको. मी आहे.

माझं सांगणं एवढंच. लग्न होऊ दे, चांगलं होऊ दे, माझ्या पोरीला तुमच्या घरी सुखाने राहू दे. रांधेल, वाढेल, वनितेचं सुनीतेचं ऐकेल. पण ताट मांडाल तर त्यात सुरंगी लिहा. नाहीतर ताट मांडूच नका. मी एकदा गप्प बसले, तेव्हा लहान होते. आता म्हातारी आहे, आता मला कोणाचं भय?

काय म्हणता रावजी? उभे राहून बोला ना, सगळ्यांना ऐकू दे. "रविवारी येतो, तेव्हा बसून बोलू." बरं. ऐकलंत सगळ्यांनी? साक्षीदार झालात.

सरपंचांनी मला थांबवलं नाही, गुरुजींनी घंटा वाजवली नाही, पोरांनी रडणं आवरलं, या सगळ्यांची मी आभारी आहे. महिला मंडळाने नातीला दिलेली समई मी रोज लावीन म्हणते, पण ती तिच्याबरोबर जाईल, तेच बरं. बोलण्यात माझं काही उणंअधिक झालं असेल, पाहुण्यांचा मान राखण्यात कसर राहिली असेल, तर पोटात घाला. नाव मात्र पोटात घालू नका, ते मी एकदा शिजवून वाढलंय.

आणि विहीणबाई, तुम्ही आत्ता पदराआड काहीतरी बोललात. मी ऐकलं, पण कोणाला सांगणार नाही. गोड नाव आहे. रविवारी सकाळच्या गाडीने याल, तेव्हा बेड्यातूनच मी तुम्हाला त्या नावाने हाक मारीन. तुम्ही फक्त ओ द्या. रविवार म्हणालात हां.