सोपानमामांची पत्र्याची एसटी

लाल एसटी दिसली की मला आमचे सोपानमामा आठवतात. मामांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी पालम रस्त्यावर, आमच्या फाट्यालाच पत्र्याची एसटी बनवून उभी केली. खऱ्या गाडीएवढी, लाल, वर 'परभणी' अशी पाटी. लोक लांबून फोटो काढायला यायचे.

मागं मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर बाहेरगावचे, परभणीत दुपारपर्यंतच थांबणार होते. मामा, मामी अन् मी सकाळीच त्या गाडीपाशी उभे राहिलो. खरी एसटी आली, मामांनी हात केला, ती सरळ निघून गेली. दुसरीही तशीच. दाट लग्नतिथ, जीपसुद्धा रिकामी मिळेना.

"आवं, थांबंना का गाडी?" मामी विचारायची. मामा रस्त्याकडं बघत पुढच्या गाडीसाठी हात वर करायचे.

दुपार टळल्यावर सकाळच्या पहिल्याच एसटीचा ड्रायव्हर परतीला थांबला. "सकाळी मला वाटलं, ही गाडी तुमाला घ्यायलीय, म्हणून मी थांबलो न्हाई. बंद पडली काय?"

मामांच्या कामाची एवढी तारीफ आजवर कुणी केली नव्हती.

मामी पदरानं डोळा पुसत म्हणाली, "डॉक्टर गेले असतील आता."

मामा ड्रायव्हरला म्हणाले, "हां. बंदच पडली."