पाण्यात उतरल्यावर बोल्ट पुन्हा सोडायचे

मुरब्याच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दामू तांडेल, कॉलेजचे सर, बोटवाला सुका, सतरंजीवरच्या आयाबहिणी आन मागं बिड्या ओढणारे खलाशी, सगळ्यांना नरहरी मिस्त्रीचा नमस्कार. हार नको म्हटलं होतं, तरी घातलात. टोचतोय, काढून ठेवतो.

हा आनंदा नगरकडचा, इंजिनाच्या डिप्लोम्याचा विद्यार्थी. तीन महिने माझ्याकडं शिकायला होता. त्याच्या कागदावर मी शेरा लिहायचा हाय. सर म्हणाले, चार चांगले शब्द लिहा. मी चौथी शिकलेला, शब्द कुठनं आणू? काय झालं तेवढं सांगतो.

आल्या आल्या मी त्याला पिंपभर तेलकट नट रॉकेलमध्ये धुवायला दिले. याच्या आधीचा विद्यार्थी तिसऱ्या दिवशी आजारी पडला, तो अजून आजारीच हाय. यानं धुतले. पण एकेक नट पुढं धरून विचारी, मिस्त्री, हा कुठं बसतो? जेवतानाबी तेच. आमची रखमा म्हणाली, पोराला घास तरी गिळू द्या. मी म्हटलं, तो मला गिळू देत नाय.

मग सुकाची बोट आली. इतकी वर्षं शिडावर गेली, आता पहिलं इंजिन. इंजिन आन पाण्यातल्या पंख्याचा दांडा जोडून एका रेघेत बसवायचा असतो. वाळूवरच बसवला, आधीच्या तीस बोटींना बसवला तसाच. आनंदानं विचारलं, लाकडी बोट पाण्यात तरंगली की जराशी वाकते, मग रेघ हलणार नाय का? मी म्हटलं, आधी बोल्ट आवळ.

नारळी पुनवेला नारळ वाढवला, बोट खाडीत उतरली. आपल्यात नारळ वाढवल्यावर बोट थांबवत नाय, तुमाला ठाऊक हाय. बाजा वाजतोय, आन हा, ज्याला पोहता येत नाय, कमरेएवढ्या पाण्यात बोटीला धरून उभा.

"मिस्त्री, एकदा इंजिन-दांड्याचा जोड सोडून बघू द्या."

सुका खवळला. "मिस्त्री, तुमचं पोर अपशकून करतंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आनंदाला नाय म्हटलं असतं तर बोट तशीच दर्यात गेली असती. पण माझ्या मनात त्या तीस बोटी आल्या. कितींचे दांडे पहिल्याच हंगामात झिजले? दर वेळी मी खलाशांना शिव्या दिल्या. खलाशांनो, ऐकताय ना?

मी म्हटलं, "सुका, नांगर टाक."

बोल्ट सोडले. जोडाच्या वरच्या बाजूला कागद जाईना, खालच्या बाजूला माझं नख गेलं, म्हणजे रेघ हललेली. भर दर्यात दांडा तुटला असता तर बोटीत सात माणसं होती. इंजिनाखाली पत्रे सारून रेघ पुन्हा जुळवली. सुका सगळ्यांच्या शेवटी गेला, शिव्या देत गेला, आन भरल्या बोटीनं आला. हार त्यानंच आणलाय.

दुसऱ्या दिवशी खाडीतल्या पाच बोटींचे जोड सोडून बघितले. तीन वाकड्या. तिन्ही मीच बसवलेल्या.

पुढं येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगतो, शिक्क्यासाठी येऊ नका. नट धुवा, आन मिस्त्री ओरडला तरी विचारा. सर, शेरा लिहिलाय, वाचतो: "विचारतो. पोहता येत नसताना पाण्यात उतरून विचारतो." कमी वाटला तर तुमी वाढवा.

आनंदा, इकडं ये. हा हार तुझा.

सोसायटीनं बोलावलं, तुमी ऐकून घेतलं, आभारी हाय. बोलण्यात काय वाकडं बसलं असेल तर मनात आवळून ठेवू नका. मी खाली उतरतोय, तिथंच सोडून दाखवा.